लेझर कट प्लेटमध्ये ८ एच७ ची डॉवेल भोकं, पिलर ड्रिलवर जमतील का?

सातपूरवाला
नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे आमचं, दोन लेथ, एक पिलर ड्रिल (उभं ड्रिलिंग मशीन), एक जुनी मिलिंग, बस. आता वेल्डिंग फिक्स्चरच्या (वेल्डिंग करताना जॉब जागेवर धरणाऱ्या साच्याच्या) बेस प्लेटचं काम आलंय, १२ एमएम एमएस (माइल्ड स्टील), ३०० बाय २००, प्लेट बाहेरून लेझर कट करून घेतो. प्रत्येकीला चार एम८ टॅप (८ एमएम बोल्टचे आटे) आणि दोन डॉवेलची (जागा पक्की धरणाऱ्या गोल पिनेची) भोकं, ८ एच७, म्हणजे ८ एमएमची पण अगदी नेमक्या मापाची, सेंटर टू सेंटर २४० प्लस-मायनस ०.०२. सॅम्पलला लेझरवर सगळीच भोकं मारून घेतली, दिसायला एक नंबर, पण डॉवेल वरून सरकन जाते आणि खाली अडकते. दुसऱ्या सॅम्पलमध्ये तर वरच डगडगते. लॉट पंचवीसचा आहे. विचार असा की लेझरने ७.५ चं भोक घ्यायचं, मग आपल्याकडे ७.८ ड्रिल आणि वर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल). व्हीएमसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) जॉबवर्क दिलं तर हातात काय उरणार हो? जाणकारांनी सांगा.

व्हीएमसी_रात्रपाळी
७.५ चं लेझर भोक अजिबात घेऊ नका. १२ एमएम जाडीत लेझरच्या भोकाला टेपर येणारच, शिवाय बीम जिथून आत शिरतो तिथे कडेला एक छोटी खाच नाहीतर उंचवटा राहतो. कड तापून कडक होते, वर ऑक्साइडचा पापुद्रा. त्यात ७.८ चं ड्रिल घातलं की एका बाजूला जेमतेम ०.१५ कापायचं, तेही कडक भागात, मग ड्रिल सरळ न जाता भोक नेईल तिकडे जातं आणि धार बोथट होते ती वेगळीच.
दुसरं, रीमर फक्त साइज देतो, जागा देत नाही. आधीचं भोक जिथे असेल तिथेच तो बिचारा जातो. म्हणजे ०.०२ चं अंतर रीमरच्या आधीच जमलेलं पाहिजे. आम्ही असं करतो: स्पॉट ड्रिल (सेंटर धरायला छोटा खड्डा), मग ७ चं ड्रिल, मग ६ च्या एंडमिलने (बाजूनेही कापणारं मिलिंगचं टूल) गोल फिरवून ७.८ करायचं, इथे भोक जागेवर येतं, आणि शेवटी ८ एच७ चा रीमर. पिलर ड्रिलवर पंच मारून ०.०२ मिळालं तर तो योगायोग समजा 😄
एम८ च्या जागीही लेझरचं भोक नको, कडक कडेमुळे टॅप तुटतो. ६.८ चं ड्रिल आपणच मारा, तिथे पिलर ड्रिल बिनधास्त चालतं.

टूलरूम_आबा
लगेच व्हीएमसी व्हीएमसी करू नका राव. व्हीएमसी यायच्या आधी फिक्स्चर बनत नव्हते का? एक जिग प्लेट (ड्रिलला नेमकी जागा दाखवणारी साचा-प्लेट) बनवा, तेवढी एकदाच बाहेरून बोअर करून घ्या, त्यात हार्डन केलेले बुश (ड्रिल सरळ नेणाऱ्या नळ्या) बसवा. काढता येणारे दोन बुश ठेवायचे, एक ७.८ ड्रिलचा, एक रीमरचा. पहिलं भोक पूर्ण करा, रीमरसकट, मग जिग आणि प्लेट दोन्हींमधून त्यात पिन टाका आणि मगच दुसऱ्या भोकाला हात लावा. बुशच्या खाली चिप निघायला ड्रिलच्या डायच्या निम्म्याएवढी तरी फट ठेवा, नाहीतर चिप बुशमध्ये चढून त्याचं वाटोळं करते.
एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल असेल तर ७.८ ला हजाराच्या आसपास आरपीएम, रीमरला चारशेच्या वर जाऊ नका, फीड मात्र ड्रिलपेक्षा जास्त द्या. तेल भरपूर. आणि रीमर बाहेर काढताना उलटा फिरवायचा नाही, पोरं हमखास फिरवतात, धार तिथेच जाते. प्लेट क्लॅम्प करायच्या आधी सरळ पट्टी ठेवून बघा. लेझरच्या उष्णतेने वाकलेली असेल तर क्लॅम्पखाली सपाट दिसते, सोडली की परत वाकते आणि भोक तिरकं होऊन बसतं.

व्हीएमसी_रात्रपाळी
आबा, पद्धत मान्य, पण बुशमधला खेळ आणि स्पिंडलचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) धरला तर तुमच्या जिगवर ०.०५ धरून चला. ०.०२ पंचवीसच्या पंचवीस प्लेटला? अवघड आहे.

डिझाइनवाली_पिंपरी
मला वेगळाच प्रश्न पडलाय, ०.०२ खरंच लागतंय का? वेल्डिंग फिक्स्चर आहे ना? दोन्ही पिना गोल ठेवल्या की अंतराचा सगळा भार भोकांवर येतो. एक पिन गोल ठेवा, दुसरी डायमंड, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने दोन्हीकडून घासलेली. मग त्या रेषेत थोडं मागेपुढे चालतं, आणि प्लेट फिरू नये म्हणून डायमंड पिन आडव्या दिशेने धरतेच. कस्टमरला फोन करून विचारा, ड्रॉइंगवर टॉलरन्स जुन्या जॉबवरून कॉपी झालेला असतो बऱ्याचदा. डॉवेल एम६ फिटची (हा पिनेच्या टॉलरन्सचा प्रकार, एम६ बोल्ट नव्हे) असेल तर ८ एच७ मध्ये ती कधी दाबून जाईल, कधी हाताने. पिन एका प्लेटमध्ये घट्ट आणि दुसरी प्लेट काढ-घाल करायची असेल तर काढायच्या प्लेटला एच७ पेक्षा किंचित मोठ्या मापाचा रीमर बघा.

सातपूरवाला
सगळ्यांचे आभार. कस्टमर डायमंड पिनला तयार झाला, अंतर ०.०५ चालेल म्हणाला, लेखी मागितलंय. आबांची जिग करतोय. आता एवढंच सांगा, ०.०५ तरी तपासायचं कसं, सीएमएम (कोऑर्डिनेट मोजणारं मशीन) कुठून आणू?

टूलरूम_आबा
सीएमएम कशाला. दोन्ही भोकांत ग्राउंड पिना टाका, घट्ट बसणाऱ्या, ढिल्या नकोत. २२५-२५० चा मायक्रोमीटर पिनांच्या बाहेरून लावा, आलेल्या मापातून ८ वजा. २४८.०० आलं की २४०. पिना सरळ उभ्या आहेत ना ते गुण्याने बघा आणि प्लेटच्या अगदी जवळ मोजा. प्लेट आधी गार होऊ द्या, २४० एमएमवर दहा डिग्रीला पंचवीस मायक्रॉनच्या वरच फरक पडतो, ड्रिलवरून उतरवून लगेच मोजाल तर चांगली प्लेट रिजेक्ट कराल.