रोडिओवाल्यांचा सत्कार शेती विभागात कशाला?

कुणीतरी विचारलंय की रोडिओच्या (म्हणजे घोड्यावर बसणं, दोर टाकून जनावर धरणं अशा कसबांच्या स्पर्धांच्या) काउबॉय खेळाडूंचा कॉलेजचे माजी विद्यार्थी म्हणून सत्कार करायचाच तर क्रीडा विभागाने करावा, शेती विभागाने का. मला तर शेती विभागानेच करणं अगदी योग्य वाटतं, कारण हा खेळ मुळात गुरं सांभाळायच्या कामातलाच आहे. वासराला डाग द्यायचा किंवा औषध पाजायचं तर त्याला मोकळ्या रानात घोड्यावरून दोर टाकूनच धरावं लागायचं, त्याचीच पुढे स्पर्धा झाली.

टेक्सासमधल्या अल्पाइनच्या सल रॉस कॉलेजचंच बघा ना. 1949 ला अमेरिकेत कॉलेज रोडिओची राष्ट्रीय संघटना झाली आणि पहिली तीनही सांघिक विजेतेपदं या आडगावच्या कॉलेजने नेली, त्यांचा हार्ली मे पुढे स्टीअर रेसलिंगमध्ये (म्हणजे पळत्या घोड्यावरून झेप घेऊन खोंडाला शिंगं धरून आडवं पाडायचं) तीनदा जगज्जेता झाला, 1952, 1956 आणि थेट 1965!! तेरा वर्षांचं अंतर आहे पहिल्या आणि शेवटच्यात, मला तर वाचूनच भरून आलं.

कॅलिफोर्नियाच्या कॅल पॉलीचा टॉम फर्ग्युसनही तसाच, 1974 ते 79 सलग सहा वर्षं ऑल-अराउंड (म्हणजे एकाहून जास्त प्रकार मिळून) चॅम्पियन. पण मला त्याच कॉलेजचा कॉटन रॉसर जास्त जवळचा वाटतो, त्याने नंतर रोडिओला घोडे आणि बैल पुरवायचा धंदा आयुष्यभर केला, आणि जनावर धडधाकट नसेल तर खेळ कसला होणार? असं जनावरं सांभाळणाऱ्यांचं नाव सत्काराच्या यादीत चॅम्पियनच्या बरोबरीने यायलाच हवं.