विषय: सहलीला आई आलीच पाहिजे?

सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी,
यादीवर पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा तिसरीत आहे, इथे अमेरिकेत, सरकारी (पब्लिक) शाळेत. दोन वर्षांपूर्वी त्याला टाइप १ डायबेटिस निघाला. पुढच्या महिन्यात वर्गाची म्युझियमची सहल आहे. शाळेचा निरोप आला: इन्सुलिन द्यायला आई किंवा बाबा सोबत येणार असतील तरच त्याला नेऊ. दुसऱ्या कुणाच्या पालकांना ही अट नाही. ५०४ प्लॅन (अपंगत्व किंवा आजार असलेल्या मुलाला शाळा काय मदत देणार याचा लेखी आराखडा) मागितला तर म्हणाले, मार्क उत्तम आहेत, गरज काय? नवरा एच-वन-बीवर, माझी नोकरी नवी. तक्रार केली तर व्हिसाला काही होईल का? शाळा मुलावर डूख धरेल का? तो रोज विचारतो, "आई, बसमध्ये मी कुणाशेजारी बसू?"
— एक आई

मंगळवार, सकाळी

ताई,
मी इथे अठ्ठावीस वर्षं आहे. मनापासून सांगतो, एक दिवस रजा काढा आणि जा सोबत. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत सरकारी कागदावर नाव नको. आम्हीही असंच निभावलं.
— काका

मंगळवार, रात्री

ताई, काका,
मी केंद्राच्या शिक्षण खात्यात, ऑफिस फॉर सिव्हिल राइट्समध्ये, चौदा वर्षं वकील होते. बहुतेक काम अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींचं. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

काका, तुमची काळजी कळते. पण आज रजा काढली की पुढच्या सहलीलाही काढावी लागते, आणि पाचवीपर्यंत मुलाच्या मनात पक्कं बसतं की आपल्यापायी आईची नोकरी अडते. असं बोलणारी मुलं मी पाहिली आहेत.

१९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४ केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेला लागू आहे. सहल हा शाळेचाच कार्यक्रम, त्यामुळे दुसऱ्या पालकांना नसलेली अट तुम्हाला घालता येत नाही. इन्सुलिन द्यायला नर्स किंवा शिकवलेला माणूस पाठवणं हे शाळेचं काम. मार्कांचं कारण तर टिकणारच नाही. २००८ च्या दुरुस्तीपासून औषध, इन्सुलिनचा पंप यांचा आधार बाजूला ठेवून अपंगत्व ठरवायचं असतं. इन्सुलिनशिवाय हा मुलगा कसा राहील, एवढंच विचारा त्यांना.

हे संरक्षण विद्यार्थी म्हणून मिळतं, नागरिक म्हणून नव्हे. तक्रार केली म्हणून डूख धरणं हाही कायद्याचा भंगच आहे. तरी व्हिसाची धाकधूक असेल तर इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला.

एक गैरसमज मात्र काढते. सरकारी वकील म्हणजे तुमचा वकील नव्हे. मी दोन्ही बाजूंचे कागद मागवायचे, शिक्षकांशी, नर्सशी, पालकांशी बोलायचे. सगळ्यात जास्त सांगायची नर्सची नोंदवही. रोज जेवणाआधी साखरेचा आकडा लिहिलेला, आणि सहलीच्या दिवशी रकाना कोरा, कारण मूल घरी. अशा कोऱ्या रकान्यापाशी मी खूप वेळ थांबायचे. शेवट बहुधा खटल्यात होत नसे. शाळा लेखी करार करायची: कुणाला शिकवणार, कधीपर्यंत, पुरावा काय देणार. मग तो पाळला जातो का हे आम्ही पाहायचो.

शाळेतली माणसं वाईट आहेत असं म्हणायची गरज नाही. कोर्टातसुद्धा, शाळेने दुष्टाव्याने वागवलं हे दाखवण्याची जादा अट विद्यार्थ्यांवर घालता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जून २०२५ मध्ये एकमताने सांगितलं.

आता कामाचं. स्कूल डिस्ट्रिक्टच्या ५०४ कोऑर्डिनेटरला आजच ईमेल करा: मूल्यमापन करा, सहलीची व्यवस्था लेखी कळवा. तोंडी बोलणं फायलीत दिसत नाही. शाळेचा निरोप तारखेसकट जपा, कारण ऑफिसकडे तक्रार करायला १८० दिवस असतात. फी नाही, वकील लागत नाही. पण त्यावर विसंबून बसू नका. मार्च २०२५ मध्ये बारापैकी सात विभागीय ऑफिसं बंद करायचं ठरलं, बॉस्टन, शिकागो, न्यूयॉर्क त्यातच. उरलेल्या लोकांवर किती ओझं असेल याचा विचार करून मला झोप लागत नाही. सहल पुढच्या महिन्यात आहे, तेवढ्यात निकाल येणार नाही.

आणि काका, १९७३ चा हा कायदा नियमांअभावी चार वर्षं कागदावरच होता. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून जास्त अपंग माणसं जवळजवळ चार आठवडे ठाण मांडून बसली, तेव्हा २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. त्यांना गरम जेवण पोचवलं ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या लोकांनी. त्याच पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. त्या जेवणाची गोष्ट मी नव्या वकिलांना नेहमी सांगायचे.

मसुदा पाठवा, मी वाचते. (हा मैत्रीचा सल्ला, तुमची वकील म्हणून नव्हे.)
— वकीलताई

शुक्रवार

ताई,
ईमेल पाठवलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: गुरुवारी सकाळी सव्वाआठला मीटिंग. नर्सही येणार आहे. डॉक्टरांकडून औषधांचं पत्र मागवलंय, पंपाच्या सूचना वेगळ्या कागदावर हव्यात का? नवऱ्याला सुट्टी नाही, धाकटीला घेऊनच जावं लागेल बहुतेक.
— तीच आई

शुक्रवार

पंपाच्या सूचना वेगळ्याच ठेवा, साखर खाली गेल्यावर काय करायचं तेही. दोन प्रती न्या.
— वकीलताई

शुक्रवार, रात्री

धाकटीला नेऊ नका. गुरुवारी साडेसातला मी येतो, डे-केअरला सोडतो. कार सीट आमच्याकडे आहे, नातवाची.
— काका