विश्वाचे चित्र पालटले ते दुर्बिणीने की ८ कलांच्या फरकाने?

सप्तर्षी (धागाकर्ता):
पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी नाही हे जगाला कोणी पटवले, असे विचारले की कोपर्निकस आणि गॅलिलिओ ही दोन नावे लगेच पुढे येतात. माझ्या मते पहिला मान जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरचा आहे. कोपर्निकसने १५४३ मध्ये सूर्य मध्यभागी आणला खरा, पण ग्रह वर्तुळातच फिरले पाहिजेत हा जुना आग्रह त्याला सोडवला नाही, आणि त्यापायी पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या प्राचीन टॉलेमीप्रमाणेच त्यालाही वर्तुळांवर वर्तुळे चढवावी लागली.

केप्लरच्या हाती डॅनिश खगोलनिरीक्षक टायको ब्राहेने मंगळाची वर्षानुवर्षे केलेली निरीक्षणे आली. ती दुर्बिणीच्या आधीच्या काळातली, नुसत्या डोळ्यांनी आणि भल्यामोठ्या कोनमापक यंत्रांनी घेतलेली होती. मंगळाची कक्षा वर्तुळ मानून केप्लरने गणित जुळवत आणले, तेव्हा काही ठिकाणी ८ कलांचा फरक उरला. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे ३० कलांचे दिसते, म्हणजे हा फरक चंद्रबिंबाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढा होता. टॉलेमीच्या काळी एवढा फरक कोणी मनावरही घेतला नसता. मात्र टायकोसारख्या निरीक्षकाची चूक एवढी मोठी असणार नाही, या विश्वासावर केप्लरने स्वतःची प्रचंड आकडेमोड बाजूला सारली आणि अखेर १६०९ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा मांडली. दुसऱ्याच्या मोजमापापुढे स्वतःच्या लाडक्या गणिताने माघार घ्यावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला त्यापूर्वी दिसत नाही.

रोहिणी:
मला हे मान्य नाही. केप्लरचा ग्रंथ कळणारी माणसे त्या काळी किती असतील? त्याउलट गॅलिलिओने काय केले ते पाहा. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्याला गुरूच्या पूर्वेला दोन आणि पश्चिमेला एक असे तीन ठिपके एका रेषेत दिसले. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला होते. ९ तारखेला आभाळ भरून आले, १० तारखेला दोनच दिसले आणि तेही पूर्वेला, तर १३ तारखेला चार दिसले. हे ठिपके म्हणजे गुरूभोवती फिरणारे त्याचे चंद्र होते. पृथ्वीखेरीज दुसऱ्या कशाभोवतीही काहीतरी फिरते, हे ज्याच्या डोळ्याला दुर्बीण लावता येईल त्याला दाखवता येत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस शुक्रही चंद्रासारखा वाढताना आणि घटताना दिसला, शुक्र सूर्याभोवती फिरत असेल तरच हे जुळते, आणि टॉलेमीची व्यवस्था तेथेच कोसळली. लोकांचे विश्व बदलते ते असे, कोष्टकांतल्या फरकाने नव्हे.

सप्तर्षी:
रोहिणीताई, टॉलेमीची व्यवस्था कोसळली हे खरे, पण पृथ्वी फिरते हे त्यातून सिद्ध झाले नाही. टायकोने स्वतःची एक व्यवस्था मांडली होती, तीत पृथ्वी स्थिर, सूर्य तिच्याभोवती आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात. शुक्राचे रूप त्या व्यवस्थेतही अगदी तसेच दिसते. शिवाय गॅलिलिओने केप्लरचे लंबवर्तुळ कधीच स्वीकारले नाही, तो वर्तुळांनाच धरून राहिला. केप्लरच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, ७ नोव्हेंबर १६३१ ला, पॅरिसमध्ये गासेंदी या फ्रेंच अभ्यासकाने सूर्यबिंबावरून सरकणारा बुधाचा काळा ठिपका पाहिला. त्या दिवसाचे भाकीत केप्लरने करून ठेवले होते.

विशाखा:
आपण दोघेही ग्रह कसे फिरतात यावरच वाद घालत आहात. का फिरतात, याचे उत्तर मिळेपर्यंत आकाश आणि पृथ्वी ही दोन वेगळी राज्येच राहिली होती. केप्लरने सूर्यातून निघणाऱ्या एका प्रेरणेची कल्पना केली होती, पण ती चालली नाही. न्यूटनने एकच हिशेब दोन्हीकडे लावला. चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, म्हणजे ६० पट अंतरावर ३६०० पट कमी होत असेल, तर जमिनीजवळ सोडलेली वस्तू एका सेकंदात जितकी पडते, म्हणजे सुमारे ४.९ मीटर, तितकाच चंद्र एका मिनिटात पृथ्वीकडे पडला पाहिजे, आणि तो तेवढाच पडतो. हा ताळा मी शाळेत असताना प्रथम कागदावर करून पाहिला, तेव्हा कितीतरी वेळ त्या उत्तराकडे बघत बसले होते. १६८७ मध्ये हे सारे ग्रंथरूपाने आले. केप्लरचे ग्रहगतीचे तिन्ही नियम त्यातून आपोआप निघतात, म्हणून मी न्यूटनला वर ठेवते.

रोहिणी:
न्यूटनबद्दल दुमत नाही. पण जुन्या पक्षाचा एक आक्षेप रास्त होता, तो येथे कोणीच मांडला नाही. पृथ्वी फिरत असेल, तर सहा महिन्यांनी जवळचे तारे किंचित सरकलेले दिसले पाहिजेत. टायकोने ते सरकणे शोधले, त्याला ते सापडले नाही, आणि म्हणून त्याने पृथ्वी स्थिर मानली. हा त्याचा हट्ट नव्हता, पुराव्याशी प्रामाणिकपणा होता. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचे हे सरकणे मोजले ते १८३८ मध्ये, आणि तेही उत्तम दुर्बीण हाती होती म्हणूनच.

सप्तर्षी:
हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि टायकोला न्याय दिल्याबद्दल आभार. मात्र बेसेलने मोजलेला कोन एका विकलेच्या (कलेचा साठावा भाग) तृतीयांशाच्या आसपास होता, म्हणजे केप्लरच्या ८ कलांच्या सुमारे दीड हजारावा भाग. दुर्बीण त्याच्या आधी दोनशे वर्षांहून अधिक काळ माणसाच्या हाती होती. उणीव होती ती तितके बारीक मोजण्याची, म्हणून माझे पारडे अजूनही मोजमापाकडेच झुकते.