टर्जिव्हर्सेशन म्हणजे नेमकं काय ओ? बायरच्या मेलमध्ये आलाय

टेरी_टॉवेल:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचं बघतो मी. एक ऑर्डर अडकलीय, डाईंगमधनं (रंगाईतनं) माल निघंना आणि मालक म्हणतात तारीख देऊ नको, नुसतं 'अंडर प्रोसेस' लिहीत जा. तसंच लिहीत गेलो तर काल बायरचा मेल, 'नो मोअर टर्जिव्हर्सेशन प्लीज'. मोबाईलवर बघितलं तर इव्हेजन (चुकवणं) दाखवतंय, मला वाटलं टॅक्सचं काय काढलं की काय ह्यानं. खोटारडा म्हणायलाय का आपल्याला? आणि उच्चार पण सांगा, उद्या कॉल आहे.

पार्कचौक:
टर-जिव्ह-र-से-शन, जोर 'से'वर. टॅक्सशी काही संबंध नाही, घाबरू नका. लॅटिनमध्ये टर्गम म्हणजे पाठ आणि व्हर्टेरे म्हणजे वळवणं, प्रश्न आला की पाठ फिरवायची, म्हणजे आपली उडवाउडवीची उत्तरं. खोटारडा म्हणलेलं नाही, सरळ बोलत नाही एवढंच म्हणलंय. दुसरा एक अर्थ पण आहे, पक्ष किंवा मत सोडून पलीकडं उडी मारणं, पण तो इथं लागू नाही. डिक्शनरी डॉट कॉमनं २०११ ला ह्याचंच क्रियापद, टर्जिव्हर्सेट, वर्ड ऑफ द इयर केलं होतं, तरी रोजच्या बोलण्यात हा शब्द कुणी इंग्रज पण वापरत नाही. तुमचा बायर एकतर पुस्तकी किडा आहे नाहीतर लई वैतागलाय.

शब्दवेडी:
वरच्यात थोडी भर. प्रिव्हॅरिकेशन म्हणला असता तर राग यायला पाहिजे होता, त्याला खोटेपणाचा वास असतो (ब्रिटनमध्ये बरेच लोक ते चालढकल ह्या अर्थानं पण वापरतात, तो वाद वेगळाच). इक्विव्होकेशन म्हणजे दोन अर्थ निघतील असं बोलणं. धर्मराजाचं नरो वा कुंजरो वा घ्या, 'कुंजर' हळूच पुटपुटला आणि खोटं बोललो नाही म्हणायला मोकळा. टर्जिव्हर्सेशनला एवढी हुशारी पण लागत नाही, विषयाला हातच लावायचा नाही, 'अंडर प्रोसेस' लिहीत बसायचं.

काळाकोट:
आमच्याकडं हे रोजचं आहे, पक्षकार येतो आणि म्हणतो वकीलसाहेब जरा मोघम लिहा की. पण दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, ऑर्डर ८ रूल ४ बघा, इव्हेझिव्ह डिनायल, म्हणजे गुळमुळीत नकार, चालत नाही. वादी म्हणतोय तू माझ्याकडनं ५ लाख घेतलेस, आणि कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) तुम्ही लिहिलं '५ लाख घेतले हे खरं नाही', झालं का उत्तर? मग साडेचार घेतले का? एक तर त्यातला रुपया पण घेतला नाही म्हणा, नाहीतर किती घेतले ते सांगा. आणि रूल ५ प्रमाणं जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. बायर काही कोर्ट नाही, पण तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ तो पण तसाच काढणार, माल तयारच नाही म्हणून.

टेरी_टॉवेल:
मग कॉलवर बोलू काय? मालकांनी तर तोंड बांधून ठेवलंय.

पार्कचौक:
तो शब्द उलटा त्याच्यावर फेकू नका एवढं बघा, उच्चारात अडकाल आणि भांडण वेगळंच लागेल. कुठला लॉट विणून झाला, कुठला डाईंगला आहे, कशामुळं अडकला ते सांगा. पक्की तारीख नसली तर तारीख कधी कळवणार त्याची तारीख द्या. आणि मालकांना आधी विचारा बे, नाहीतर नोकरी जायची.

टेरी_टॉवेल:
विचारलं. मालक पार्ट शिपमेंटला तयार झालेत, फेस टॉवेल आधी लावतो, बाथ टॉवेलचं डाईंगवाल्याकडनं लेखी घेऊन मगच तारीख देणार. मेलमधल्या त्या शब्दाबद्दल काही लिहीत नाही.