कर्नल अद्ययावत केल्यानंतर लॅपटॉपवर डेस्कटॉप सुरू होत नाही

प्रश्न: लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा) अद्ययावत केल्यापासून माझ्या दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर लॉगिनच्या खिडकीऐवजी काळ्या पडद्यावर केवळ कर्सर लुकलुकत राहतो, मात्र कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यास टर्मिनल उघडते. तपासणी कोठून सुरू करावी?

उत्तर १: टर्मिनल उघडते, म्हणजे मूळ प्रणाली शाबूत आहे. प्रथम 'डीएफ -एच' ही आज्ञा देऊन डिस्क भरलेली नाही ना, हे पाहावे. जागा संपल्यावरही हीच लक्षणे दिसू शकतात. नंतर 'जर्नलसीटीएल -बी' ही आज्ञा देऊन या वेळी प्रणाली सुरू झाल्यापासूनच्या नोंदींमधील त्रुटी वाचाव्यात.

उत्तर २: माझा संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. कर्नलबाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएस या साधनामार्फत प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा (मूळ कोडपासून तयार करावा) लागतो आणि त्या कर्नलच्या हेडर फायली (बांधणीसाठी लागणाऱ्या फायली) नसतील, तर तो बांधलाच जात नाही. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या बूट प्रोग्रामच्या यादीतून जुने कर्नल निवडून पाहावे. त्यावर डेस्कटॉप आला, तर हेडर बसवून ड्रायव्हर पुन्हा बांधावा.

उत्तर ३: सिक्युअर बूट (केवळ विश्वासू डिजिटल स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सुरक्षा सोय) चालू असल्यास स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये जोडला जाणारा असा ड्रायव्हर, नाकारले जाते, हेही तपासावे. 'नोमोडसेट' हा ग्राफिक्स ड्रायव्हरला पडद्याची मांडणी करण्यापासून रोखणारा कर्नलचा पर्याय वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो (मला तो फारसा पटत नाही). तो पर्याय केवळ दुरुस्तीपुरता ठेवावा, कारण त्यामुळे ग्राफिक्सचा वेग मंदावतो.