मदत हवी आहे: कराटेच्या शोतोकान शैलीतून गोजू-र्‍यूकडे, पण सांचिनमध्ये गुडघा दुखतोय

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला असतो, वय ४१. नऊ वर्षं शोतोकान केलं. चार महिन्यांपूर्वी मडगावात गोजू-र्‍यू सुरू केलं. दोन्हींचं मूळ ओकिनावा बेटाचंच, पण शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांचं कराटे १९२२ नंतर जपानच्या मुख्य भूमीवर वाढलं आणि पुढे त्याचे पवित्रे लांब, खोल झाले. संस्थापक मियागींच्या गोजू-र्‍यूचा पाया मात्र सांचिन हा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम). पवित्रा आखूड, बोटं आत, कंबर खालून आत ओढलेली आणि पोटातून श्वास. मला हे फार आवडलंय, म्हणूनच सोडायचं नाही.

अडचण अशी: पुढचं पाऊल आतून अर्धवर्तुळ काढत टेकलं आणि गुडघे आत आवळले, की उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येते. मागच्या पायाला काहीच नाही. शोतोकानच्या हांगेत्सु कातात पवित्रा लांब असूनही कधी दुखलं नाही.

जमिनीवर चिकटपट्टी लावून पुढची टाच आणि मागचा अंगठा एका रेषेत आणले. दोन आठवडे विश्रांती घेतली. डॉक्टरांनी तपासलं, इजा नाही म्हणाले. सराव घरी फरशीवर, अनवाणी. सर फक्त रविवारी भेटतात, त्यांनी ‘हळू कर’ एवढंच सांगितलंय.

गोजू-र्‍यू करणार्‍यांना विचारायचंय: पुढच्या पायाची बोटं नेमकी किती आत वळवता? आणि आवळताना ताण गुडघ्यातून घेता, की मांडी आणि खुब्यातून?