दहा चाकी ट्रकच्या एअर फिल्टरला पुढून थंड हवा दिली. फायदा की नसता उद्योग?

कसारा_सेकंडगियर
वाद होणार हे माहीत आहे, तरी टाकतो. माझी दहा चाकी, धुराच्या बीएस-४ नियमांची, टर्बो-इंटरकूलरवाली (टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो, इंटरकूलर ती दाबून तापलेली हवा गार करतो). लासलगावहून जेएनपीटीला कांदा, परतीला जे मिळेल ते, बहुतेक सळई. इंजिन हवा ओढतं ते तोंड केबिनच्या मागे डाव्या अंगाला. बॉडी बांधणाऱ्याने पुढची फळी एवढी जवळ आणली की मध्ये वीतभरच जागा उरली आणि इंजिनचा सगळा वाफारा तिथूनच वर येतो. परतीला कसारा घाट चढून टोकाला गाडी लावली आणि तोंडाशी हात नेला, तर चटका बसला. थर्मामीटर लटकवला: बाहेर ४५, तिथे ६०.

मग बंपरच्या जाळीमागून चार इंची पाईप काढून फिल्टरच्या डब्याला जोडला. फिल्टर कंपनीचाच ठेवला. खर्च ३,८०० रुपये. गाडी हलकी वाटते, काळा धूर कमी आहे, ॲव्हरेज ३.६ वरून ३.९ वर आला. गावातले फिटर मात्र हसतायत. तुमचं काय मत?

जुना_फिटर
"हलकी वाटते" म्हणणारा गाडीमालक रोज एक भेटतो. पैसे घातल्यावर वाटणारच.

डिझेल इंजिन आधीच गरजेपेक्षा जास्त हवा ओढतं. ताकद किती मिळायची ते डिझेल किती सुटतं त्यावर, आणि ते ठरवतो ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. तुम्ही हवा वाढवली म्हणून तो डिझेल वाढवत नाही. धूर थोडा कमी होईल, हे मान्य. पण ३.६ चे ३.९? एका फेरीला सळई, दुसऱ्या फेरीला थर्माकोल असलं तर पाईप न लावताही होतात. एकच लोड, एकच रस्ता, एकच ड्रायव्हर, टाकी फुल टू फुल, अशा चार ट्रिपा मोजा. मग बोलू.

कोळसावाला_वणी
फिटरसाहेब, तुम्ही गॅरेजच्या सावलीत बसून बोलून राहिले. मे महिन्यात चंद्रपूर साइडला या, ४६-४७ पारा असतो. लोड गाडी चढावर सात-आठच्या स्पीडने रांगते तेव्हा गरम हवा काय करते ते मीटरवर दिसते. भाऊने बरोबर केलं. माझ्या दोन गाड्यांचं तोंड मी पण हलवलं आहे, फक्त खाली नाही, वर.

थर्मोची_वही
गणित मांडते, मग भांडू. टर्बो हवेचा दाब साधारण दुप्पट करतो असं धरू, कार्यक्षमता ७० टक्के. ४५ अंशाची हवा आत गेली तर टर्बोतून सुमारे १४५ ने बाहेर पडते, ६० ची गेली तर १६४ ने. पुढे इंटरकूलर. तो चांगला असेल तर बाहेरच्या हवेपेक्षा जेवढी गरमी जास्त, तिचा चार पंचमांश भाग काढून टाकतो. इंजिनच्या दारात पोचते एक हवा ६५ ची, दुसरी ६९ ची.

म्हणजे पाईप टाकून तोंडाशी १५ अंश वाचवले, इंजिनला मिळाले चार. हवेची घनता जेमतेम १ टक्क्याने वाढते. बिनटर्बोची जुनी गाडी असती तर तेच १५ अंश थेट सिलिंडरपर्यंत गेले असते, साडेचार टक्क्यांचा फरक पडला असता. गंमत म्हणजे हा जुगाड तिथूनच आलाय. आजोबांच्या गाडीचं औषध नातवाला पाजतोय आपण.

कोळसावाला_वणी
ताई, वही बरोबर, पण त्यात इंटरकूलर शोरूमचा धरला. माझ्या गाडीचा पाहा, कोळशाची भुकटी आणि चिखल बसून अर्धा बंद. तो निम्मीच गरमी काढते. आता करा हिशोब.

थर्मोची_वही
केला. मग एक हवा ९५, दुसरी साधारण १०५. फरक दहाच्या आसपास. इथे तुमचा मुद्दा मानते, पाईपचा उपयोग दुपटीहून जास्त वाढला. पण दादा, त्याच वहीत पुढची ओळ वाचा: नुसता इंटरकूलर साफ केला तर ९५ चे ६५ होतात. ३० अंश. तेही नुसत्या पाण्याच्या नळीने.

कृष्णाकाठ
तुमचं अंशांचं चालू द्या. मला एकच सांगा, तोंड बंपरला नेलंय ना? भावा, कंपनीने ते डोक्याच्या उंचीवर का ठेवलंय, विचार केला काय? ऑगस्ट २०१९ ला महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, कितीतरी दिवस गाड्या तटून होत्या. तसं पाणी रोज येत नाही, कबूल. पण पावसाळ्यात पुलाखाली गुडघाभर पाणी कुठल्याबी गावात साचतंय. ड्रायव्हर म्हणणार "निघतंय की" आणि घालणार. हवा दाबली जाते, पाणी नाही. सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकला, मग इंजिन खाली. आमच्याकडं एकाचं असंच झालं. ३,८०० च्या पाईपपायी लाखाच्या घरात गेला गडी.

आणि धूळ. बंपरच्या उंचीला पुढच्या गाडीच्या चाकाची माती थेट तोंडात. फिल्टर महिन्यात चोंदणार, इंडिकेटर लाल होणार, मग किन्नर (गाडीवरचा क्लीनर) ते एअर गनने मारणार, कागदाला बारीक भोक पडणार. त्या भोकातून जाते ती वाळू टर्बोचं पातं आणि रिंगा खाते.

पासिंग_झालं_का
कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा कलम ५२ मध्ये कंपनीच्या रचनेत परस्पर बदल करायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीत १८२-अ आलं: दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बीएस-६ वाल्यांनी तर हात लावूच नका, धूर साफ करणारा युरिया आणि सेन्सरचा पसारा वेगळाच.

कोळसावाला_वणी
छपरावर बारा भोंगे अन् बंपरवर लोखंडी गार्ड लावून गाड्या पास होतात, अन् पाईपवर कैद! जाऊ द्या.

जुना_फिटर
कसारावाले, पाईप टाकण्याआधी या तीन गोष्टी पाहिल्या होत्या का? टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होजला चीर, ढिले क्लॅम्प (साबणाचं पाणी मारा, लीक असेल तिथे बुडबुडे येतात), आणि इंटरकूलरचा पुढचा भाग. खरं सांगा.

कसारा_सेकंडगियर
चार दिवसांनी लिहितोय, गाडी खोलली होती.

होज ठीक निघाले. एक क्लॅम्प ढिला होता, आवळला. इंटरकूलरची जाळी काढली आणि किन्नर हसायलाच लागला. कांद्याची टरफलं! बाजार समितीच्या आवारात ती उडतच असतात, वरून चिखल बसला, असा थर झाला की उलथन्याने पापडासारखा सोलून निघाला. अर्धी पाटी भरली. मागच्या बाजूने बेताच्या दाबाने पाणी मारून धुतला, जोरात मारलं असतं तर पातळ पत्र्या वाकल्या असत्या.

आता फिटरदादांसाठी: परवा पाईप काढून, सगळं मूळ जागी बसवून कसारा चढलो. सळईच होती, वजनही मागच्याएवढंच. गाडी पाईप असतानापेक्षा मोकळी चढली. एकच ट्रिप आहे, फुल टू फुल अजून मोजलेलं नाही.

तरी त्या वीतभर जागेतली ६० अंशांची हवा मला पटत नाही. तोंड आणि इंजिनच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा लावणार आहे. तोंड तिथेच, उंची तीच. ताईंनी हसू नये.

थर्मोची_वही
हसत नाही. पत्र्याला १ टक्का देते.

कृष्णाकाठ
आणि पाईपचं काय केलंसा?

कसारा_सेकंडगियर
घरात पडलाय. दुकानदार परत घेत नाही.

कोळसावाला_वणी
मला पाठवा. माझ्या तिसऱ्या गाडीचं तोंड वर न्यायचं आहे, चार इंचीच लागते.